आउटलुक उघडत नाहीये? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

जळगाव आणि धुळ्यातल्या लहान-मोठ्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम. डाळ मिल, चटईचे कारखाने, केळीचे व्यापारी, सीएंची ऑफिसं, जिनिंग, ट्रान्सपोर्टवाले, अशी सगळी मंडळी माझ्या फोनमध्ये आहेत. त्यांच्यापैकी कुणाचा तरी एक फोन महिन्यातून दोन-चार वेळा ठरलेला असतो: "भाऊ, मेल उघडी नही राह्यना." म्हणजे आउटलुकच्या चिन्हावर डबल क्लिक केलं, काहीतरी चमकलं आणि विझलं. किंवा छोटी पाटी आली आणि 'प्रोसेसिंग' म्हणत तशीच बसून राहिली.

फोनवरचं पुढचं वाक्यही ठरलेलं: "दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारावं लागेल." हा लेख त्या वाक्यामुळे लिहितोय. आउटलुक न उघडणं हा बहुतेक वेळा तासा-दोन तासांत सुटणारा प्रश्न आहे. पण घाईत फॉरमॅट मारलं तर दहा-बारा वर्षांची मेल कायमची जाऊ शकते. म्हणून दुरुस्तीच्या आधी एक काम करायचं, ते पहिल्यांदा सांगतो.

आधी बघा, तुमची मेल नक्की राहते कुठे

मेल कॉम्प्युटरवर आणण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक पॉप, दुसरी आयमॅप. पॉप म्हणजे पोस्टात जाऊन आपलं टपाल घरी आणायचं आणि पोस्टातली पेटी रिकामी करायची. आयमॅप म्हणजे टपाल पोस्टातच ठेवायचं आणि घरी फक्त झेरॉक्स आणायची. मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्स्चेंजवालं खातं असेल तर तेही या दुसऱ्या प्रकारासारखंच चालतं.

हा फरक का महत्त्वाचा? आपल्याकडच्या एमआयडीसीतल्या बऱ्याच कंपन्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं, स्वस्तातलं होस्टिंग घेतलं, आणि कुणीतरी येऊन पॉप पद्धतीने आउटलुक जोडून दिलं. होस्टिंगवर जागा कमी, म्हणून मेल उतरली की सर्व्हरवरून काढून टाकायची अशी सोय लावली. आउटलुकच्या अलीकडच्या आवृत्त्यांत पॉप खातं जोडताना आपोआप जी सेटिंग असते, तीही मेल सर्व्हरवर फक्त १४ दिवस ठेवते. म्हणजे पंधराव्या दिवसापासून त्या मेलची जगातली एकमेव प्रत तुमच्या टेबलाखालच्या डब्यात असते. ती एकाच फाइलमध्ये असते आणि त्या फाइलच्या नावाच्या शेवटी पीएसटी ही तीन अक्षरं असतात.

आयमॅप किंवा ३६५ वाल्यांची फाइल ओएसटी या अक्षरांनी संपते. ती झेरॉक्स असल्यामुळे गेली तरी सर्व्हरवरून पुन्हा तयार होते. पण इथेही एक फट आहे. आयमॅप खात्यात कॅलेंडर आणि काँटॅक्ट्सच्या नावापुढे 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' असं लिहिलेलं दिसलं तर ते फक्त त्याच कॉम्प्युटरवर आहेत, सर्व्हरवर नाहीत. म्हणून ओएसटीसुद्धा मी कधी डिलीट करत नाही. नाव बदलतो, बाजूला ठेवतो आणि महिनाभर पाहतो.

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्याची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. मे महिन्यात त्यांचं आउटलुक उघडेना. हाताशी जो मुलगा होता त्याने विंडोज नवीन टाकून दिलं. डी ड्राइव्हवरचा टॅलीचा डेटा त्याने नीट जपला होता, त्यामुळे सगळे निर्धास्त. पण पीएसटी फाइल सी ड्राइव्हवरच्या डॉक्युमेंट्समध्ये असते, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यातून डिस्क एसएसडी. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून पुसलेली फाइल कधीकधी सॉफ्टवेअरने परत मिळते. एसएसडी मात्र पुसलेली जागा स्वतःच साफ करून टाकते, तिथे फारसं काही हाती लागत नाही. मी पोचलो तेव्हा सर्व्हरवर शेवटच्या चौदा दिवसांची मेल होती. बाकी परदेशी ग्राहकांच्या ऑर्डरी, भावाची घासाघीस, एका फिरलेल्या मालाचं भांडण, सगळं गेलं. मग दोन महिने त्यांचा अकाउंटंट एकेका पार्टीला फोन करून "तुमच्याकडची ती मेल परत फॉरवर्ड करा ना" म्हणत होता. भांडण ज्यांच्याशी चालू होतं त्यांच्याकडे ती मेल मागायची तरी कशी?

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. आता बिलं, ई-वे बिल, डेबिट नोट, सगळं मेलवरच येतं-जातं. त्यामुळे ही फाइल म्हणजे दप्तराचं कपाट आहे असं समजा.

तर पहिलं काम: पीएसटीची कॉपी

आउटलुक उघडत नसलं तरी विंडोज चालू आहे ना? मग पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावा. डॉक्युमेंट्समध्ये 'आउटलुक फाइल्स' नावाचं फोल्डर शोधा. आउटलुक २०१० पासून पीएसटी तिथेच बनते. २००७ किंवा त्याआधीपासून चालत आलेली फाइल असेल तर ती लपवलेल्या 'अ‍ॅपडेटा' फोल्डरमध्ये लोकल, मायक्रोसॉफ्ट, आउटलुक अशी आत आत जाऊन सापडते. काहीच सापडलं नाही तर सी ड्राइव्ह उघडून वरच्या शोधपट्टीत चांदणी, टिंब आणि पीएसटी असं इंग्रजीत टाइप करा आणि थांबा. एकापेक्षा जास्त फाइली सापडल्या तर सगळ्या घ्या. कोणती कामाची ते नंतर ठरवू.

कॉपी करताना 'फाइल वापरात आहे' असं म्हणालं तर आउटलुक पडद्याआड चालू आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा म्हणजे टास्क मॅनेजर उघडेल. त्यात आउटलुक दिसेल, त्यावर क्लिक करून 'एंड टास्क' करा. गंमत म्हणजे कितीतरी वेळा एवढ्यानेच आउटलुक उघडतं. आधीचं अर्धवट बंद झालेलं आउटलुक फाइल धरून बसलेलं असतं आणि नव्याला ती मिळत नाही. उघडत नाही म्हणून आपण पाच वेळा डबल क्लिक करतो, त्याने गर्दी आणखी वाढते.

पेन ड्राइव्हबद्दल एक लक्षात ठेवा. बाजारातले बरेच पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने तयार केलेले असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, मग पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. फाइल मोठी असेल तर बाहेरची हार्ड डिस्क वापरा.

कॉम्प्युटरच सुरू होत नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून कॉपी करता येते. गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्यात आग्रा रोडच्या आसपास हे काम करणारे भरपूर आहेत. फक्त सांगताना स्पष्ट सांगा: "आधी पीएसटी काढून दाखवा, मग बाकीचं." आणि कुणी विंडोज पुन्हा टाकून मोकळं झालंच असेल तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर आहे का ते ताबडतोब बघा. डिस्क न पुसता वरून विंडोज टाकलं असेल तर जुन्या फाइली त्यात असतात. पण साधारण १० दिवसांनी विंडोज ते फोल्डर स्वतःच काढून टाकतं.

कॉपी झाली? आता चहा घ्या. यापुढे काही बिघडलं तरी परत येता येईल.

लाइट गेली होती का?

हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि खानदेशात त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. पुण्या-मुंबईत लिहिलेल्या लेखांत हा मुद्दा शेवटी येतो. आमच्याकडे तो वर घ्यावा लागतो.

आउटलुक चालू असतं तोवर पीएसटी फाइल सतत उघडी असते आणि तिच्यात काही ना काही लिहिणं चालू असतं. अशात लाइट गेली की लिहिणं अर्धवट राहतं. पुढच्या वेळी उघडताना आउटलुकला कळतं की फाइल नीट बंद झालेली नव्हती, आणि ते तपासायला बसतं. फाइल १५-२० जीबीची, डिस्क जुनी फिरती, तर हे तपासणं अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त चालतं. तेवढ्यात माणूस वैतागतो, बटण दाबून कॉम्प्युटर बंद करतो, म्हणजे तीच चूक पुन्हा. मी फोनवर सांगतो की हार्ड डिस्कचा छोटा दिवा लुकलुकतोय ना? मग काम चालू आहे. जेवून या.

उन्हाळ्यात हे का वाढतं तेही सांगतो. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जाणं नवीन नाही. ऑफिसातला छोटा यूपीएस टेबलाखाली भिंतीला चिकटून ठेवलेला असतो. त्यातली शिशाची बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. तीन वर्षं टिकणारी बॅटरी दोन उन्हाळ्यांतच बसते. दिवा मात्र हिरवाच असतो, म्हणून कुणाला कळत नाही. लाइट गेली की यूपीएस एकदा 'टूं' करतो आणि कॉम्प्युटरबरोबरच बंद पडतो. तपासायचं असेल तर आउटलुक आणि टॅली नीट बंद करा, मग भिंतीवरचं बटण बंद करून घड्याळ लावा. पाच मिनिटं तग धरली नाही तर बॅटरी बदला. डेटा परत मिळवण्याच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

सेफ मोड: अर्ध्या भानगडी इथेच कळतात

थांबूनही उघडलं नाही, किंवा उघडून लगेच मिटलं, तर सेफ मोड. कीबोर्डवर चौकोनी खिडकीचं चित्र असलेलं विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. खाली डावीकडे 'रन' ची छोटी पट्टी येईल. त्यात इंग्रजीत आउटलुक लिहा, एक जागा सोडा, मग उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते ती) आणि तिला चिकटून सेफ. एंटर दाबा. हे जमत नसेल तर कंट्रोल दाबून धरा आणि आउटलुकच्या चिन्हावर क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडू का, असं ते स्वतःच विचारेल.

असं उघडलं तर तुमची मेल आणि फाइल ठीक आहे, असं बिनधास्त समजा. गडबड आहे ती 'अ‍ॅड-इन' नावाच्या पाहुण्यांची. अँटीव्हायरस, पीडीएफचं सॉफ्टवेअर, मोबाइल जोडायचं सॉफ्टवेअर, मीटिंगचं सॉफ्टवेअर हे सगळे टाकताना आउटलुकमध्ये आपापलं एकेक बटण घुसवतात. त्यातलं एखादं जुनं झालं की ते आउटलुकला दारातच अडवतं. सेफ मोडमध्येच फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स इथे जा. खाली 'मॅनेज' पुढे 'कॉम अ‍ॅड-इन्स' निवडलेलं असेल, शेजारचं 'गो' दाबा आणि सगळ्यांच्या खुणा काढा. आउटलुक बंद करा, नेहमीसारखं उघडा. मग एकेक खूण परत लावत जा आणि दर वेळी उघडून बघा. ज्याच्यावर अडेल तो गुन्हेगार. खरं सांगायचं तर माझ्या बहुतेक गिऱ्हाइकांना त्यातलं एकही लागत नाही, म्हणून मी सगळेच बंद ठेवतो.

आणखी एक आज्ञा जवळ ठेवा. 'कॅनॉट ओपन द आउटलुक विंडो' असा निरोप येत असेल तर डावीकडच्या फोल्डरांच्या पट्टीची सेटिंग बिघडलेली असते. वरच्याच पद्धतीने रनमध्ये आउटलुक, जागा, तिरकी रेघ, आणि पुढे रिसेट, नॅव्ह, पेन हे तीन शब्द जोडून एकसलग लिहा. पट्टीत तुम्ही केलेली मांडणी जाईल, मेलला धक्का लागत नाही.

सेफ मोडमध्येही नाही उघडलं, तर

मग दोनच मुख्य संशयित उरतात: प्रोफाइल किंवा फाइल.

प्रोफाइल म्हणजे कुठलं खातं, कुठली फाइल, कुठला सर्व्हर याची आउटलुकने ठेवलेली नोंद. 'लोडिंग प्रोफाइल' वर अडकलं की मी नवी प्रोफाइल बनवतो. कंट्रोल पॅनेल उघडून वर उजवीकडे छोटी चिन्हं निवडा, म्हणजे 'मेल' दिसेल. त्यात 'शो प्रोफाइल्स', मग 'अ‍ॅड'. नाव काहीही द्या, खातं भरा, आणि खाली नेहमी हीच प्रोफाइल वापर असं सांगा. जुनी प्रोफाइल लगेच काढू नका. पॉप खातं असेल तर नव्या प्रोफाइलमध्ये इनबॉक्स रिकामा किंवा फक्त चौदा दिवसांचा दिसेल आणि छातीत धस्स होईल. घाबरू नका. फाइल, 'ओपन अँड एक्स्पोर्ट', 'ओपन आउटलुक डेटा फाइल' असं जाऊन जुनी पीएसटी जोडा, सगळं डावीकडे दिसायला लागेल. शेवटच्या काही मेल दोनदा दिसल्या तर ते सर्व्हरवरून पुन्हा उतरल्यामुळे, त्यात बिघाड काही नाही.

फाइलच दुखावली असेल तर तिचं औषध आउटलुकसोबतच आलेलं असतं. त्याचं नाव स्कॅनपीएसटी. ते मेनूत कुठेच दिसत नाही. सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, रूट, ऑफिस१६ असं जा. आउटलुक २०१६ पासून पुढच्या सगळ्यांचं फोल्डर बहुतेक ऑफिस१६ च असतं. ३२-बिट ऑफिस असेल तर एक्स८६ लिहिलेल्या प्रोग्राम फाइल्समध्ये बघा. स्कॅनपीएसटी चालवा, ब्राउझ करून फाइल दाखवा, स्टार्ट करा. चुका सापडल्या तर बॅकअप ठेवायची खूण तशीच राहू द्या आणि 'रिपेअर' दाबा. एकदा करून भागत नाही. 'एरर नाहीत' असं म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा चालवायचं. मोठ्या फाइलला रात्रभर लागू शकतं, म्हणून हे काम संध्याकाळी लावतो आणि यूपीएस आधी तपासतो. दुरुस्तीनंतर 'लॉस्ट अँड फाउंड' नावाचं फोल्डर दिसलं तर ते उघडून बघा. जागा हरवलेल्या मेल तिथे ठेवलेल्या असतात.

फाइलच्या आकाराची मर्यादा इथेच सांगून टाकतो. आउटलुक २०१० पासून पुढे ती ५० जीबी आहे, २००३ आणि २००७ ला २० जीबी होती. त्याहून जुन्या पद्धतीची फाइल २ जीबीला भिडली की उघडायचीच बंद व्हायची. धुळ्यातल्या एका ऑफिसात जुनी फाइल आवृत्त्या बदलत गेली तरी तशीच पुढे चालत आली होती आणि नेमकी दोन जीबीच्या उंबरठ्यावर अडली. आउटलुक नवं, फाइल मात्र जुन्या साच्याची. असं असेल तर नवी पीएसटी बनवून जुनीतून थोडं थोडं हलवावं लागतं.

जागेवरून आठवलं. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल तर आउटलुक हलणार नाही. १२० जीबीच्या एसएसडीवर हे नेहमीचं. पण जागा करायची म्हणून 'आउटलुक फाइल्स' उचलून डी ड्राइव्हवर टाकू नका, मग फाइल सापडत नाही म्हणून आउटलुक आणखी रुसेल. तसंच पीएसटी ऑफिसच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून दोघांनी उघडणं हेही मायक्रोसॉफ्टला मान्य नाही, आणि एक दिवस फाइल बिघडतेच. वनड्राइव्हचंही पाहून घ्या. विंडोज ११ सुरू करताना 'बॅकअप' ला हो म्हटलं की डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये जातं, आणि त्याबरोबर पीएसटीही. फुकटची जागा ५ जीबी, तुमची फाइल १८ जीबीची. आउटलुक तिच्यात लिहितंय आणि वनड्राइव्ह तीच वर ओढतंय, अशी रस्सीखेच चालू राहते. पीएसटी वनड्राइव्हच्या बाहेर, सी किंवा डी वर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि कंट्रोल पॅनेलच्या 'मेल' मधल्या डेटा फाइल्समध्ये तिची नवी जागा दाखवा.

एवढं करूनही नाही झालं तर ऑफिस दुरुस्त करा. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, ऑफिसच्या नावापुढे 'मॉडिफाय'. 'क्विक रिपेअर' आधी, मग 'ऑनलाइन रिपेअर'. दुसऱ्यासाठी नेट चांगलं हवं. यात मेल जात नाही. ऑफिस 'क्रॅक' केलेलं असेल तर मात्र ही दुरुस्ती त्याचं पितळ उघडं पाडते, आणि अँटीव्हायरसने त्या क्रॅकचाच तुकडा उचलून नेल्यामुळे आउटलुक बंद पडलं, असंही मी पाहिलंय. अशा कॉम्प्युटरवर धंद्याची मेल ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बिघाड नसतो, चिन्ह चुकलेलं असतं

अलीकडे एक नवीन प्रकार वाढलाय. विंडोजमध्ये आता दोन आउटलुक असू शकतात, एक 'क्लासिक' आणि एक 'न्यू'. वर उजव्या कोपऱ्यातलं 'ट्राय द न्यू आउटलुक' चं बटण चुकून सरकलं की नवं उघडतं आणि जुनी फोल्डरं दिसत नाहीत. त्याच कोपऱ्यातलं बटण परत सरकवा किंवा स्टार्ट मेनूत 'क्लासिक' शोधा. नव्यात जुने कॉम अ‍ॅड-इन चालत नाहीत आणि पीएसटीची सोय मर्यादित आहे. शिवाय जीमेलसारखं बाहेरचं खातं त्यात जोडलं की मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर जाते, हे माहीत असू द्या.

विंडोज १० बरोबर आलेलं साधं 'मेल' अ‍ॅप वापरत असाल तर त्याचा आधार मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला संपवला. त्याच्या दुरुस्तीत वेळ घालवू नका. आउटलुक उघडतंय पण जीमेलचा पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारतंय, ही तक्रार वेगळी. वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ३० मे २०२२ पासून जुन्या प्रोग्रॅमना साधा पासवर्ड वापरू देणं थांबवलं. टू-स्टेप चालू करून १६ अक्षरांचा 'अ‍ॅप पासवर्ड' घ्यावा लागतो.

कधीकधी दोष खरंच तुमच्याकडे नसतो. १५ जुलै २०२० ला जगभर आउटलुक उघडल्या उघडल्या मिटत होतं. सेफ मोड, दुरुस्ती, सगळं करून लोक थकले. शेवटी मायक्रोसॉफ्टने त्यांच्या बाजूने काही तासांत ते सोडवलं. म्हणून एकाच ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरवर एकाच सकाळी आउटलुक बंद पडलं तर हात लावण्याआधी थोडं थांबा आणि मधल्या वेळात ब्राउझरमधून वेबमेल वापरा. २० तारखेला ३-बी भरायचंय आणि पार्टीची बिलं मेलमध्ये अडकलीत, तेव्हाही वेबमेलच कामाला येते. निदान ताजी मेल तरी हाती लागते.

फोन कुणाला करायचा आणि काय सांगायचं

गूगलवर 'आउटलुक कस्टमर केअर नंबर' शोधून फोन लावू नका. समोरचा गोड बोलून कॉम्प्युटरचा ताबा घ्यायचं सॉफ्टवेअर टाकायला लावतो आणि मग बँकेचं पान उघडायला सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा.

आपल्या ओळखीच्या माणसाला फोन करताना "उघडत नाही" एवढंच सांगू नका. पाटीवर इंग्रजीत काय लिहिलंय त्याचा मोबाइलने फोटो काढून पाठवा. ऑफिस कुठल्या सालचं, खातं पॉप की आयमॅप, पीएसटी किती जीबीची, सी ड्राइव्हवर जागा किती, काल लाइट गेली होती का आणि नवीन काही टाकलं होतं का, एवढं सांगा. हे कळलं तर मी एरंडोल-पारोळा ओलांडून धुळ्याला येण्याआधीच निम्मं काम फोनवर होतं. आणि मी येईपर्यंत कॉम्प्युटरला कुणालाही हात लावू देऊ नका, विशेषतः ज्याच्या हातात विंडोजचा पेन ड्राइव्ह आहे त्याला.